कायद्याचा वाटा, माहेरची वाट

हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्माने हिस्सेदार आहे, याविषयी आता शंकेला जागा नाही. ९ सप्टेंबर २००५ रोजी वारसा कायद्यातील दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरविले. एरवी हाताशी धरली जाणारी ‘तोंडी वाटणी’ची सबबही न्यायालयाने बव्हंशी निकालात काढली.

हा पल्ला गाठण्यास फार काळ लागला. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे १९५१ मध्ये डॉ. आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि १९५६ चा कायदा झाला तो मिताक्षरेची सहदायकी शाबूत ठेवूनच. आई आधीच निवर्तलेली, मागे एक मुलगा व एक मुलगी, अशा घरी बाप वारला तर मिळकत प्रथम बापलेकांत निम्मी वाटली गेली असे मानावयाचे आणि बापाच्या निम्म्याचेच दोन वाटे पाडावयाचे. म्हणजे मुलाला बारा आणे, मुलीला चार आणे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ही विषमता दूर केली खरी, पण २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. जणू अक्षता पडताच रक्ताचे नाते पालटते!

आज हिशेब आठ-आठ आण्यांचा आहे. प्रत्यक्षात मात्र बाप गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात आणि पुष्कळ घरी थोड्याच दिवसांत त्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करताना दिसतात. त्यांना कोणी दरडावलेले नसते. दरडावण्याची गरजच नसते. भाऊबीजेचे ताट, लेकीचे बाळंतपण, सासरी बिनसले तर परतण्याचे एकुलते एक दार, हे सारे त्या कागदाच्या दुसऱ्या पारड्यात असते. भावाची बाजू सर्वस्वी खोटी असते असेही नाही. आईबापांचे दुखणे बहुधा त्यानेच काढलेले असते. परंतु ‘जमिनीचे तुकडे होतील’ हा युक्तिवाद दोन भाऊ वेगळे निघताना कोणाला आठवत नाही.

वडिलोपार्जित मिळकतीचे असे पत्र भावाबहिणींत विनामोबदला झाल्यास सरकार नाममात्र मुद्रांक शुल्क घेते. सवलत उभयतांना आहे. भावाने बहिणीसाठी तिचा लाभ घेतल्याचे सहसा ऐकिवात नाही. फसवणूक वा दडपण झाले म्हणून दस्त रद्द करून घ्यावयाचा तर बहिणीने दिवाणी न्यायालयात जावयाचे, वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि पुरावाही तिनेच द्यावयाचा. त्यापेक्षा सहीपूर्वी निबंधकाने तिला एकटीला बसवून तिच्या हिश्श्याची शीघ्रगणकानुसार होणारी किंमत वाचून दाखवावी आणि तिचा जबाब दस्ताला जोडावा, एवढी दुरुस्ती नोंदणीच्या नियमांत करावयास काय हरकत आहे?