'चश्मेबद्दूर' कुठे बघायचा?

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बघायला सई परांजपे यांच्या 'चश्मेबद्दूर'इतका चांगला सिनेमा नाही, हे माझं ठाम मत आहे. मारामारी नाही, खलनायक नाही. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, उधारीपायी त्यांच्या मागे लागलेले पानवाले लल्लनमियाँ (सईद जाफरी) आणि दारोदार 'चमको' पावडर विकणारी दीप्ती नवल. कपडे धुण्याचं प्रात्यक्षिक बघता बघता फारुख शेख प्रेमात पडतो. मध्यमवर्गीय प्रेम यापेक्षा वेगळं काय असणार!

तर प्रश्न असा, की १९८१ चा हा सिनेमा जालावर कुठे बघायचा?

मी इथे दुवा देणार नाही. कारण साधं आहे. जुने सिनेमे दाखवण्याचे करार ठरावीक मुदतीचे असतात. आज एका सेवेवर असलेला सिनेमा सहा महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. त्यापेक्षा तो शोधायचा कसा आणि मुळात इतका शोधावा का लागतो, ते बघू.

पहिली अडचण नावाची. २०१३ मध्ये डेव्हिड धवन यांनी याच नावाचा रीमेक काढला. आणि गंमत म्हणजे ५ एप्रिल २०१३ ला, ज्या दिवशी रीमेक लागला, त्याच दिवशी जुन्या सिनेमाची डिजिटल दुरुस्ती केलेली प्रतही थिएटरात लागली. एकच नाव, एकच तारीख, सिनेमे दोन! आम्हा संगणकवाल्यांना कुणी असा विदा दिला तर आम्ही आधी कपाळाला हात लावू. रोमन लिपीत जुन्याच्या नावात 'यू' आहे आणि नव्याच्या नावात 'ए', पण लोक दोन्हीकडे दोन्ही लिहितात. सईबाईंच्याच 'कथा'ची (१९८३) अवस्था आणखी बिकट. नुसतं 'कथा' म्हणून शोधून बघा, भागवत सप्ताह सुरू होतो :)

उपाय सोपा आहे. नावाबरोबर दिग्दर्शक, साल आणि एक नट टाका. 'परांजपे १९८१ फारुख शेख' एवढं पुरतं.

दुसरी अडचण 'हा सिनेमा कुठे बघाल' अशी शीर्षकं असलेल्या पानांची. त्यातल्या बऱ्याच पानांवर पाच परिच्छेद कथानक, तीन जाहिराती आणि शेवटी 'सध्या कुठेही उपलब्ध नाही'. एकदा उलगडा झाला की अशा पानांवर वेळ घालवू नये. ज्या कंपनीकडे हक्क असण्याची शक्यता आहे, तिच्याच संकेतस्थळावर किंवा यूट्यूब वाहिनीवर सरळ जावं. 'चितचोर' (१९७६) राजश्रीचा आहे. कंपनी चालू आहे, तिची स्वतःची वाहिनी आहे, म्हणजे कुणाला विचारायचं हे तरी ठाऊक असतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिनेमा 'सापडला' असं वाटतं, पण सापडलेला असतो त्याचा सांगाडा. कुणीतरी व्हीसीडीवरून चढवलेला असतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, ते आजच्या टीव्हीवर ताणलं की माणसांचे चेहरे भाताच्या पेजेसारखे दिसतात. त्यात रुंद पडदा भरावा म्हणून वरून आणि खालून कात्री. १.३७ ला १ या जुन्या चौकटीतला सिनेमा १६:९ मध्ये कापून बसवला, तर जवळजवळ पाव चित्र गेलं.

गाणी किंवा प्रसंग उडवलेत का, हे ओळखायची एक युक्ती सांगतो. प्रत मूळ प्रिंटवरून आलेली असेल, तर सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. त्यावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते. समजा ३,८४० मीटर लिहिलंय, तर भागाकार करा, १४० मिनिटं. व्हिडिओ १३४ मिनिटांचा निघाला तर काळजी नको. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत २५ चित्रांची, त्यामुळे सगळं चार टक्के वेगाने धावतं (आणि येशुदासांची पट्टीही किंचित चढते). पण व्हिडिओ ११५ मिनिटांचा असेल, तर समजा कुणीतरी कात्री चालवलीय.

आता मूळ दुखणं. २०१३ मध्ये नीट केलेली प्रत थिएटरात लागली, म्हणजे चांगली प्रत तयार करण्याचं कठीण काम झालेलं आहे. घोडं अडतं ते कागदपत्रांवर. त्या काळातल्या अनेक सिनेमांचे निर्माते म्हणजे एकटी माणसं होती. त्यांनी थिएटरचे हक्क एकाला, व्हिडिओचे दुसऱ्याला, टीव्हीचे तिसऱ्याला विकले. १९८० च्या सुमारास केलेल्या करारात इंटरनेट हा शब्द कुठून येणार? पुढे निर्माते गेले, कंपन्या मिटल्या, वारसांना कधी कधी आपल्याकडे काय आहे हेही माहीत नसतं.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे 'चश्मेबद्दूर'चा हक्क २०४१ संपेपर्यंत. १९५७ च्या कायद्यातलं कलम ३१ दडवून ठेवलेल्या कृतींसाठी आणि ३१ अ मालक सापडतच नाही अशा कृतींसाठी सक्तीच्या परवान्याची सोय करतं. पण त्यासाठी अर्ज, जाहिरात, सुनावणी. रविवारी दुपारी एक सिनेमा बघायला कोण एवढं करणार?

माझं म्हणणं एवढंच, की ६० वर्षांच्या हक्काबरोबर थोडी जबाबदारीही यावी. साधं डोमेन नाव घेतलं तरी मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं, नाहीतर ते हातातून जातं. घर असेल तर पट्टी भरावी लागते. मग सिनेमा पंचवीस वर्षांचा झाला, की मालकाने दर पाच वर्षांनी कॉपीराइट कार्यालयात एक पानाची नोंद करावी: मालक कोण, पत्ता काय, चांगली प्रत कुठे आहे, जालावर दाखवण्याचे हक्क कुणाकडे. नोंद केली नाही, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला माफक शुल्क घेऊन तो सिनेमा दाखवू द्यावा. पैसे मालकाच्या नावे जमा ठेवावेत. आला की घेऊन जाईल.

यावर कुणी बर्न कराराकडे बोट दाखवेल. तो करार कॉपीराइटवर औपचारिकतेच्या अटी घालू देत नाही, हे खरं. पण ते संरक्षण परदेशी कृतींसाठी आहे. आपल्याच देशात झालेल्या कृतींबद्दल आपला कायदा करायला देश मोकळा आहे. १९५४ च्या कायद्याने पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देणं प्रकाशकाला बंधनकारक केलं, त्याने प्रकाशन व्यवसाय काही बुडाला नाही. सरसकट सिनेमांसाठी मात्र तसा कायदा नाही.

'चकटफू मिळतोय ना, मग कशाला एवढा खटाटोप?' असं म्हणणारे भेटतात. पण पाव भाग कापलेला, धुरकट, वेगाने पळणारा सिनेमा बघून वीस वर्षांची मुलगी दहा मिनिटांत बंद करते आणि 'जुने सिनेमे बोअर असतात' म्हणते. तिचं काय चुकलं? तिने सिनेमा बघितलेलाच नाही. फारुख शेख २०१३ च्या डिसेंबरमध्ये गेले. रवी बासवानी त्याआधीच, २०१० मध्ये, आणि सईद जाफरी २०१५ मध्ये. आता ही माणसं फक्त त्या फिल्मवर आहेत. ती तरी धड दिसायला हवीत.

कुणाकडे किती येणं आहे, हे लल्लनमियाँना पानाच्या ठेल्यावर बसून पक्कं ठाऊक असतं. आपल्या कॉपीराइट कार्यालयाला निदान कुणाकडे काय आहे एवढं ठाऊक असावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.