पोटगीच्या हिशेबात जखमेचा खर्च आधी धरा

अपंगत्व घेऊन घरी आलेल्या जवानाचा संसार मोडतो, तेव्हा त्याच्या एकाच पेन्शनचा निकाल दोन ठिकाणी लागत असतो आणि एका ठिकाणाला दुसऱ्याची खबर नसते. पोटगीचा अर्ज बारामतीच्या किंवा इंदापूरच्या न्यायालयात चालतो. अपंगत्वाचा दावा आधी लष्कराच्या अपील समित्यांपुढे आणि तिथे नाकारला गेला की मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात. माझे म्हणणे असे, की या पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग पोटगी ठरवताना पगारासारखा मोजू नये. त्यातून शरीराचा खर्च आधी वजा व्हावा आणि मगच वाटणी व्हावी.

अपंगत्व पेन्शनमध्ये सेवेचा आणि अपंगत्वाचा असे दोन वेगळे भाग असतात. अपंगत्व शंभर टक्के असेल तर दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, पन्नास टक्के असेल तर १५ टक्के. म्हणजे ४०,००० रुपये पगारावर निवृत्त झालेल्याला पन्नास टक्क्यांसाठी महागाई भत्ता सोडून ६,००० रुपये. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार होतात हे खरे. पण घरी मदतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, चाकाच्या खुर्चीसाठी घरात करावे लागणारे बदल, कृत्रिम पायाच्या दुरुस्तीसाठी इंदापूरहून पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रापर्यंत भाड्याच्या गाडीने जाणे, हे सगळे याच पैशांतून भागते. शिवाय हा भाग सहजी मिळत नाही. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच जडला असे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितले. तरीही माणसे वर्षानुवर्षे अपिले करत राहतात. त्यात उशिरा दाद मागितली तर थकबाकी सर्वसाधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हा २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा दंडक. घटस्फोटाच्या धावपळीत ज्याचा दावा मागे पडला, त्याचे हे नुकसान पुढे कधी भरून येत नाही, आणि ते त्याच्या मुलांचेही नुकसान असते.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा आहे. पोटगी हे कर्ज नव्हे, म्हणून पेन्शनला जप्तीपासून असलेले संरक्षण बायकोविरुद्ध चालत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये सांगितले. ते योग्यच आहे, आणि पेन्शन पोटगीतून सोडवा असे मी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. त्या अपंग शरीराची सेवा वर्षानुवर्षे बहुधा बायकोनेच केलेली असते, पगार न घेता. मग त्याच शरीराच्या नावाने तिचा वाटा कमी का करायचा? म्हणूनच वजावट सरसकट नको. प्रत्यक्ष होणारा खर्च पावत्यांनिशी दाखवावा, तेवढाच वजा व्हावा आणि तिने केलेल्या सेवेची नोंद पोटगीच्या आदेशात यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, आणि गंभीर अपंगत्व व त्यासाठीचा सततचा खर्चही विचारात घ्यायला सांगितले. नवऱ्याने याच प्रतिज्ञापत्रात प्रलंबित दाव्याचा उल्लेख करावा, म्हणजे उद्या मिळणारी थकबाकी बायकोपासून लपून राहणार नाही.

राहतो प्रश्न मदतीचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे या भांडणात दोघेही पात्र आहेत. सैनिक कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली. बारामती आणि इंदापूरच्या तालुका विधी सेवा समित्यांनी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला सोबत घेऊन महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावीच बसावे, आणि पोटगीची व पेन्शनची कागदपत्रे एकाच टेबलावर तपासावीत.