कार्ड बदला, संगणक बदला

घरातल्या संगणकाला हात लावताना आपण कचरतो. ‘काही बिघडलं तर?’ ही धास्ती, आणि ‘तू राहू दे’ म्हणणारी मंडळी घरातच! नवं काही करून पाहायचं ते कशावर? त्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चांगला.

हा म्हणजे पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून इंग्लंडमध्ये केंब्रिजला एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो विक्रीला आला, तेव्हा किंमत होती ३५ डॉलर. आता त्याची बरीच मॉडेल्स मिळतात. पडदा म्हणून घरातला एचडीएमआय टीव्ही चालतो. शिवाय कीबोर्ड, माउस, योग्य चार्जर आणि मेमरी कार्ड लागतं.

गंमत अशी की, संगणकाचा सारा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम बोर्डात नसते, ती या कार्डावर असते. कार्ड बदललं की संगणकच बदलला म्हणा ना! म्हणून तीन कार्डं करा.

पहिल्यावर रास्पबेरी पाय ओएस : पत्रं, हिशेब, मुलांचा अभ्यास. दुसऱ्यावर लिब्रेईलेक : टीव्हीवर गाणी, सिनेमे, घरचे फोटो. तिसऱ्यावर रिस्क ओएस : केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीची, १९८७ पासूनची. हिच्यात मेनू उघडतो तो माउसच्या मधल्या बटणाने! मुलांना हे भारी आवडतं. या तिन्ही फुकट मिळतात. मात्र आपल्या मॉडेलवर कोणती चालते ते आधी पाहून घ्या.

कृती सोपी आहे. दुसऱ्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ उतरवून घ्या. त्यात मॉडेल, सिस्टिम आणि कार्ड निवडा आणि लिहा. कार्डावरचं आधीचं सगळं पुसलं जातं बरं का, तेव्हा लग्नाच्या फोटोंचं कार्ड वापरू नका. कार्ड काढण्यापूर्वी संगणक रीतसर बंद करा, मग वीज बंद करा. प्रत्येक कार्ड नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. इवलीशी असतात, पटकन हरवतात.

रोजच्या कामाचं कार्ड बाजूला ठेवलं, की दुसऱ्यावर खुशाल काहीही करून पाहा. गोंधळ झालाच, तर तेच कार्ड पुन्हा लिहून घ्यायचं. शिकताना चुकायची मुभा आपण मुलांना देतोच, ती स्वतःलाही द्यायला काय हरकत आहे?