कुंपणाचं भाडं कोण मोजणार?

2025 च्या गणेशोत्सवाआधी मुंबई महापालिकेने मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे 2,000 ऐवजी 15,000 रुपये दंड घ्यायचं ठरवलं. मंडळांनी आवाज उठवला, राजकीय पक्ष मध्ये पडले आणि दंड पुन्हा 2,000 वर आला. या वादात सगळी चर्चा झाली ती रकमेची. खड्डा कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. उंच मंडपाच्या खांबांना भक्कम आधार हवा, हे मान्य. पण दर्शनाच्या रांगेसाठी, गर्दी अडवण्यासाठी रोवलेल्या बांबूंपायी डांबर फोडायचं काहीच कारण नाही. जमिनीला धक्का न लावता स्वतःच्या पायांवर उभं राहणारं लोखंडी कुंपण भाड्याने मिळतं, आणि ते देणारा व्यावसायिक बहुतेक शहरांत हाकेच्या अंतरावर असतो.

पुणे, नाशिक किंवा ठाण्यातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला अशा व्यावसायिकांची आवारं दिसतात. जाळीचे पॅनेल एकावर एक रचलेले, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बॅरिकेड एकमेकांत अडकवून उभे केलेले, बाजूला काँक्रीटचे ठोकळे, क्लॅम्प आणि नट-बोल्टांनी भरलेली पोती आणि कोपऱ्यात वेल्डिंगचं यंत्र. पावसाळा सरला की बांधकामं आणि रस्त्यांची कामं जोर धरतात, तेव्हा पत्र्याला मागणी. श्रावण लागला की उत्सव, मग लग्नसराई, मैफली, मॅरेथॉन, निवडणुकीच्या सभा आणि मतमोजणी केंद्रं. मतमोजणीच्या दिवशी केंद्राभोवती 100 मीटरचा परिसर वाहनांसाठी बंद ठेवावा लागतो. तिथेही हेच कुंपण लागतं. आज मेट्रोच्या कामावर असलेला पॅनेल पुढच्या महिन्यात एखाद्या जत्रेत उभा असतो.

हा धंदा लोखंडाचा वाटतो, पण त्यातली खरी किंमत माणसाच्या कामाची आहे. रात्री अकराला छोटा हत्ती येऊन थांबतो. दोघं जण पॅनेल उतरवतात, तिसरा पुढे जाऊन जमीन बघतो. उतार असेल तर खालच्या बाजूने सुरुवात करायची, कारण वरून लावत आलं की प्रत्येक जोडावर ताण पडत जातो. क्लॅम्पचा नट कामाच्या आतल्या बाजूला ठेवायचा, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तो सहज सोडवता येत नाही. कुंपणाला काटकोनात वळण देता आलं तर उत्तम, कारण सरळ रेषेत उभी असलेली ओळ वाऱ्याला लवकर शरण जाते. शेवटचा पॅनेल मोकळा सोडायचा नाही. हे सगळं करायला जाणत्या हातांना एखादा तास पुरतो. नवख्यांनी हेच काम केलं तर सकाळपर्यंत अर्धी ओळ वाकडी झालेली असते.

म्हणूनच कुंपणाचा खर्च ठेकेदाराच्या ‘इतर किरकोळ’ खर्चात ढकलायची आपल्याकडची रीत घातक आहे. रस्ता, गटार, जलवाहिनी यांच्या निविदेत खोदाईचा दर असतो, सिमेंटचा असतो, पाइपचा असतो. कुंपण मात्र बहुधा एकरकमी आकड्यात गाडलेलं असतं किंवा ‘ठेकेदाराने स्वखर्चाने करावे’ या ओळीत संपतं. ज्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, त्यावर पहिली कात्री चालते. मग चार बांबू, एक सुतळी, लाल-पांढरी फीत आणि झाडाची एक फांदी, एवढ्यावर खड्ड्याची राखण सोपवली जाते. आणि त्याच खड्ड्यात रात्रपाळीहून परतणारा दुचाकीस्वार जातो.

नियमांची वानवा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी 55’ ही मार्गदर्शिका रस्त्यावरच्या कामाचे टप्पे पाडून देते: आगाऊ सूचनेचा, वाहनं वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि पुन्हा रस्ता मोकळा होण्याचा. प्रत्येक टप्प्यात फलक कुठे, अडथळा कुठे, दिवा कुठे, हे त्यात आहे. ही मार्गदर्शिका 2001 ची. 2014 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. गल्लीत काम निघालं की पहिल्या टप्प्याचा फलक सहसा सापडत नाही, कारण तो लावण्याचे पैसे कुणाला वेगळे मोजून मिळालेले नसतात.

मुंबईत धुळीच्या निमित्ताने कुंपणाकडे लक्ष गेलं, हे बरंच झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकराहून मोठ्या भूखंडांभोवती किमान 35 फूट उंच पत्रा आणि त्याहून लहान भूखंडांभोवती 25 फूट, असं त्यात म्हटलं आहे. हेतू योग्यच आहे. मात्र 35 फूट म्हणजे तीन मजल्यांची उंची. एवढ्या उंचीचा पत्रा पदपथाला लागून उभा राहतो, तेव्हा त्याला बांधकामाइतकाच हिशेब लागतो.

तो हिशेब फार अवघड नाही. भारतीय मानकानुसार वाऱ्याचा दाब काढताना वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणतात. वळवाच्या पावसाआधी ताशी 72 किलोमीटरचा झोत सुटला, तर सेकंदाला 20 मीटर वेग होतो आणि प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 24 किलोंचा जोर येतो. दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा साध्या पत्र्याच्या पॅनेलवर हा जोर 120 किलोंच्या घरात जातो, आणि तो बसतो पॅनेलच्या मध्यावर, म्हणजे सव्वा मीटर उंचीवर. मागचा तिरका आधार एक मीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाशी जवळपास दीडशे किलो वजन हवं. पॅनेलचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं, पण पायाशी टाकलेल्या वाळूच्या एका पोत्याने भागत नाही. हे झालं अडीच मीटरचं. 35 फुटांना काय लागेल, ते स्थापत्य अभियंत्यानेच सही करून सांगायला हवं.

जाळीचं कुंपण वारा बराचसा जाऊ देतं, म्हणून ते हलक्या पायावर टिकतं. पण कार्यक्रम ठरला की आयोजक त्याच जाळीवर शुभेच्छांचे फ्लेक्स बांधतो आणि जाळीचं शीड होतं. वाऱ्यापुढे फलक काय करतात, हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलं आहे. 17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याजवळ होर्डिंग कोसळून पाच जण गेले. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग पडून 17 जणांचा जीव गेला. कुंपण त्यापुढे ठेंगणं खरं; पण ते माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं असतं, त्याच्या आडोशाने शाळेची मुलं चालत असतात. फ्लेक्स बांधू न देणं हा कुंपण देणाऱ्याचा हक्क करारातच लिहायला हवा. आज तो तोंडी सांगतो, आणि समोर मंडळाचा कार्यकर्ता असला की गप्प बसतो.

गर्दीसाठीचं कुंपण हा तर आणखी नाजूक प्रकार. त्याचं पहिलं गाजलेलं उदाहरण सापडतं 1864 च्या ब्रुसेल्समध्ये. फ्रेंच छायाचित्रकार नादार तिथे आपला प्रचंड फुगा आकाशात सोडणार होता आणि लोकांना सुरक्षित अंतरावर ठेवण्यासाठी हलवता येणारे कठडे मांडले गेले. त्या कठड्यांना बेल्जियममध्ये आजही त्याच्याच नावाने ओळखतात. तेव्हापासून कठड्याचं काम तेच आहे: माणूस आणि धोका यांच्यात अंतर ठेवणं. मात्र माणसं हजारोंनी दाटली की कठडा स्वतःच धोका बनू शकतो.

27 ऑगस्ट 2003 ला नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर हेच झालं. साधूंच्या शाही स्नानासाठी भाविकांना बॅरिकेडमागे रोखून धरलं होतं. रेटा वाढला, चेंगराचेंगरी झाली आणि 39 जण दगावले. प्रयागराजला 29 जानेवारी 2025 च्या पहाटे मौनी अमावास्येच्या स्नानाआधी लोंढ्याने बॅरिकेड मोडले आणि पलीकडे झोपलेल्या भाविकांवरून माणसं गेली. त्या दिवशी सरकारने 30 मृत्यू जाहीर केले. उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडमधल्या शेफिल्डचं. 15 एप्रिल 1989 ला हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर कुंपण मोडलंच नाही. प्रेक्षक आणि मैदान यांच्यातल्या उंच जाळीला इतकी लहान दारं होती की चिरडली जाणारी माणसं बाहेर येऊ शकली नाहीत. एकूण 97 जण गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने इंग्लंडची मैदानं बदलली आणि तसली कुंपणं उतरवली गेली.

या घटनांमधून कुंपण देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने शिकायची गोष्ट एकच आहे. ओळ किती मजबूत, याच्याआधी ती कुठे उघडते, हे ठरायला हवं. दर्शनरांगेत ठरावीक अंतरावर आतून-बाहेरून चटकन निघणारा पॅनेल हवा, त्याच्यापाशी माणूस उभा हवा आणि त्या माणसाला तो उघडायचा अधिकार हवा. रांगेत एखाद्या बाईला भोवळ आली की आज आपल्याकडे तिला डोक्यांवरून उचलून काढतात, कारण जवळपास दार नसतं. बॅरिकेडचे फाकलेले पायसुद्धा आतल्या बाजूला ठेवले, तर रेट्यात पाय अडकून माणूस पडतो आणि मागचे त्याच्यावर. स्वस्तातले बॅरिकेड घेताना आयोजक हे पाय पाहतच नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक 24 तासांहून जास्त चालते. एवढा वेळ कुंपणाची माणसं पाळीने हजर ठेवायची तर त्याचे पैसे भाड्याइतकेच येतात, आणि ते द्यायला हवेत.

भाड्याचा आणखी एक गुण आहे, ज्याकडे पालिकांनी गंभीरपणे पाहायला हवं. रोज मोजावं लागणारं भाडं काम लवकर उरकायला भाग पाडतं. ठेकेदाराच्या मालकीचा पत्रा एकदा उभा राहिला की त्याला पडून राहायला काहीच खर्च नाही. मेट्रोच्या कामांचे बॅरिकेड याचं ठळक उदाहरण. मुंबई महानगरात काम आटोपलेल्या ठिकाणचेही बॅरिकेड रस्ता अडवून उभे होते. 2023 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) ते हजारोंनी काढले, तेव्हा कुठे मार्गिका मोकळ्या झाल्या. लंडनने 2012 पासून वेगळी वाट धरली. तिथे वर्दळीच्या रस्त्यावर खोदकाम करणाऱ्या कंपनीला जागा अडवल्याबद्दल दिवसाला कमाल 2,500 पौंडांपर्यंत भाडं लागू झालं. रात्री काम करा, कमी जागा अडवा, भाडं वाचवा, असा तो व्यवहार आहे. पुणे, ठाणे, नागपूर इथल्या महापालिकांनी निदान चार मुख्य रस्त्यांवर अशी आकारणी करून पाहावी. कुंपणाचं भाडं आणि रस्त्याचं भाडं एकाच बिलात दिसू लागलं की मुकादम सकाळी पहिला प्रश्न विचारेल, ‘आज किती पॅनेल काढता येतील?’

स्थानिक व्यावसायिकाची बाजू इथेच महत्त्वाची ठरते. रात्री दोनला ट्रकचा धक्का लागून ओळ आडवी झाली, तर अर्ध्या तासात पोहोचणारा माणूस शहरातलाच असावा लागतो. पण हा लहान धंदा मोठ्या ठेकेदाराच्या खाली पोटठेकेदार म्हणून काम करतो. सरकारी बिल ठेकेदाराला मिळेल तेव्हा यालाही मिळणार, असा शिरस्ता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. तरी आपल्या हक्कासाठी तक्रार करून पुढचं काम गमावण्याची हिंमत फार थोड्यांत असते. पैसे अडकले की तो आधी वेल्डिंग टाळतो, मग गंजलेला पाय रंगवून पाठवतो. त्या पायाशेजारून जाणाऱ्याचा या थकबाकीशी काही संबंध नसतो. दुखापत मात्र त्यालाच होते. म्हणून पालिकेने आणि मंडळांनी कुंपणाची रक्कम थेट देणाऱ्याच्या खात्यात भरावी आणि बदल्यात त्याच्याकडून रोजच्या पाहणीची सही मागावी.

नाशिकमध्ये सिंहस्थाची तयारी सुरू आहे. तिथलं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे, ऐन पावसाळ्यात. घाटांवर, गल्ल्यांत आणि वाहनतळांपासूनच्या पायवाटांवर मैलोन्‌मैल कुंपण लागेल. त्याच्या निविदेत मीटरचा दर असेलच. त्याच निविदेत आणखी चार गोष्टी याव्यात: ओल्या उतारावर पाय न घसरणारा तळ, प्रत्येक पॅनेलवर रंगवलेला क्रमांक आणि देणाऱ्याचा दूरध्वनी, उघडणाऱ्या दारांचा नकाशा पोलिसांच्या हातात, आणि त्या दारांवर उभ्या राहणाऱ्या माणसांचं मानधन वेगळ्या रकान्यात. श्रावणातल्या एखाद्या गर्दीच्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला याची रंगीत तालीम घेता येईल. नगररचना विभाग, पोलीस आणि कुंपण देणारे स्थानिक व्यावसायिक यांना त्या दिवशी एकत्र उभं करावं आणि दार उघडायला नेमका किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजावं.