वहिनी, सही करण्याआधी थांबा!

मैत्रिणींनो, नवरा गेला की घरात दुःख येतं आणि दुःखाच्या मागोमाग कागद येतात. तेरावं होत नाही तोच कुणीतरी म्हणतं, "वहिनी, इथं सही करा, नुसती पूर्तता आहे." बाई पदरानं डोळे पुसते आणि सही करते. पुढे कळतं की ते हक्कसोडपत्र होतं! मोसंबीची बाग दिराची होते आणि ही तिथेच रोजानं निंदायला जाते. आपल्या जालना जिल्ह्यात हे काही नवं नाही.

सांगलीच्या हिराबाई मगदूम यांनी मात्र असं होऊ दिलं नाही. त्यांचे पती खंडाप्पा 1960 मध्ये वारले. मागे दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी 1962 मध्ये वाटणीचा दावा लावला. खालच्या कोर्टानं त्यांना चोविसावा हिस्साच दिला. उच्च न्यायालयानं चोविसांपैकी सात हिस्से दिले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला, पण 1978 मध्ये तिथेही हिराबाईच जिंकल्या. वाटणीत पत्नी म्हणून मिळणारा चौथा हिस्सा आणि शिवाय पतीच्या हिश्श्यातला वारसा, दोन्ही त्यांचे ठरले. 2005 पासून मुलीही जन्मानं वाटेकरी झाल्या, त्यामुळे आज हिश्श्यांचा हिशेब बदलतो. विधवेचा हक्क मात्र कायम आहे.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पतीच्या हिश्श्यात पत्नी, मुलं, मुली आणि सासू समान वारस असतात. हाच कायदा बौद्ध, जैन आणि शीख भगिनींनाही लागू आहे. मूलबाळ नाही म्हणून हक्क जात नाही. पत्नी किंवा सासू असताना दीर वारस ठरत नाही. मिळालेला हिस्सा पूर्ण मालकीचा असतो, नंतर दुसरं लग्न केलं तरी तो परत जात नाही. मुस्लिम विधवेला मुलं असतील तर आठवा, नसतील तर चौथा हिस्सा मिळतो.

मग करायचं काय? मृत्यूचा दाखला घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. फेरफाराची नोटीस आली तर वाचून घ्या. नाव गाळलं असेल तर लेखी हरकत नोंदवा. बँकेत नॉमिनी दुसराच कुणी आहे म्हणून घाबरू नका. नॉमिनी पैसे सांभाळणारा, मालक नव्हे. वकिलाला पैसे नसतील तर जालन्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

"घर फुटेल" असं सांगून बाईला गप्प बसवतात. पण जे घर बाईचा हिस्सा गिळूनच टिकतं, ते तिच्यासाठी आधीच फुटलेलं असतं. लेकरांनाही प्रेमानं द्यायचं असेल तर जरूर द्या, पण आधी सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लागू द्या. हातात काही असेल तरच देता येतं, नाही का?