घराचे कर्ज : दर ओळखीवर नव्हे, कागदावर ठरतो

घर घ्यायचे ठरले की आपल्या माणसांत पहिला प्रश्न निघतो, "बँकेत कोणी ओळखीचे आहे का?" दुसरा, "हप्ता किती बसेल?" व्याजाचा दर किती, हे विचारणारा शंभरात एखादा. आम्ही दिवसभर हिशेबात डोके घालणारे कारकून. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या मंडळींचे अर्ज भरून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, खरे गणित त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हिशेबच मांडू. कर्ज २० लाख, मुदत २० वर्षे. दर साडेआठ टक्के असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. दर साडेनऊ असेल तर १८,६४३. फरक महिन्याला १,२८७ रुपयांचा. फार वाटत नाही. पण २४० हप्त्यांत तो तीन लाखांच्या वर जातो. एवढ्या पैशात मुलीचे पुढचे शिक्षण होते.

मग एकाच बँकेत एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग कर्ज का? १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी घरकर्जे बँकांना बाहेरच्या मापाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर धरला आहे. २०२५ सालात हा दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जदारांना त्याचा फायदा मिळाला. रेपो सर्वांना सारखाच. त्यावर बँक आपला वाढावा लावते आणि तो कर्जदाराची पत पाहून लावते. गृहवित्त कंपन्यांना मात्र हा नियम लागू नाही. त्या आपला दर स्वतः ठरवतात. म्हणून आधी बँकेचे दार ठोठवावे.

पत पाहतात ती क्रेडिट अहवालावरून. त्यात ३०० ते ९०० असे गुण असतात. ७५० च्या वर असले तर चांगला दर मागता येतो. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे. तो मागवा व ओळ न् ओळ वाचा. फेडलेले कर्ज बाकी दाखवले असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आमच्या परिचयातील एका सफाई कामगार बांधवाची गोष्ट सांगतो. स्वतःचा एकही हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही. पण मेहुण्याच्या मोटारसायकलला ते जामीन राहिले होते. मेहुण्याने हप्ते थकवले आणि थकबाकी यांच्या अहवालात उमटली. बँकेने अर्ज परत केला. शेवटी त्यांनी बाकी भरून घेतली, दाखला मिळवला, वर्षभर थांबले आणि मग कर्ज झाले. जामीन राहणे हा नात्याचा मान असतो, हे आम्हीही जाणतो. पण ती सही आपल्याच नावावर नोंदली जाते, हे जाणून करावी.

मोबाईलचा हप्ता, क्रेडिट कार्ड, गटातून घेतलेले मायक्रोफायनान्सचे कर्ज यांच्याही नोंदी अहवालात येतात. थोडे पैसे भरून 'सेटलमेंट' केली की सुटलो असे वाटते, पण तो शिक्का वर्षानुवर्षे नडतो. एकदम पाच-सहा ठिकाणी अर्जही टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

आता उत्पन्न. सर्व कर्जांचे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत, असे बँक पाहते. पतपेढीची कपातही पगाराच्या स्लिपवर दिसते. म्हणून छोटी कर्जे आधी फेडावीत. रिक्षा, भाजी, शिवणकाम असा रोखीचा धंदा असेल तर पैसे खात्यात भरा आणि दोन-तीन वर्षे आयकर विवरणपत्र भरा. पत्नी कमावती असेल तर तिला सहकर्जदार करावे. दोघांचे उत्पन्न धरले जाते. अनेक बँका महिलेला ०.०५ टक्के सूट देतात. महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे.

कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळते. किंमत १० लाखांहून अधिक असेल तर मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. तो आपल्यालाच उभा करावा लागतो. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नका; आधी साठवा. घर नवे असेल तर महारेरा नोंदणी तपासा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर विकल्या जाणाऱ्या खोलीवर बँक कर्ज देत नाही. तो कागद म्हणजे मालकी नव्हे.

वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या शहरी कुटुंबांनी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ची चौकशी करावी. घर ३५ लाखांपर्यंतचे व कर्ज २५ लाखांपर्यंतचे असेल तर व्याजात एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत मदत मिळू शकते.

सही करण्यापूर्वी बँकेकडून मुख्य माहितीचा तक्ता घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून तो देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो दोन बँकांचा ताडून पाहा आणि कमी दर खुशाल मागा. बदलत्या दराचे घरकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. बोनस आला की थोडी रक्कम मुद्दलात भरत जा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घर पाहायला निघण्याच्या वर्षभर आधी आपला अहवाल मागवा. घरात वाचणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. दलालाला द्यायचे पैसे तरी वाचतीलच, आणि बँकेच्या टेबलासमोर बसताना आपण काही मागायला नव्हे, तर हिशेब करायला आलो आहोत, हे आपल्यालाही ठाऊक असेल.