वाफेला वॅट किती?

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात वॅट, व्होल्ट आणि ओहम यांना जागा कशाला, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. विजेच्या बाबतीत आम्हा कलावाल्यांची मजल फ्यूजची तार बदलण्यापलीकडे जात नाही, आणि तीही घरात दुसरे कोणी नसेल तर! परंतु गेले वर्षभर माझ्याच खोलीत मी जे पाहतो आहे त्याचा उलगडा मला कोणत्याही कादंबरीत सापडला नाही. तो सापडला ओहमच्या नियमात. तेव्हा वाचकांनी दहा मिनिटे कळ काढावी.

वसतिगृहातील माझा सोबती (नाव देत नाही, कारण तो हा अंक वाचणार आहे) सिगारेट सोडतो आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतला तो काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक धातूची डबी घेऊन. परदेशातून आलेल्या कोणा नातलगाने दिलेली. डबीला एक बटण, वर काचेची टाकी आणि पुढे इवलासा पडदा. पडद्यावर आकडा होता : १५ वॅट. “बघ, आता सिगारेट माझ्या ताब्यात आहे. किती ओढायची ते मी ठरवतो,” असे तो मोठ्या ऐटीत म्हणाला. माझे भांडण या एका वाक्याशी आहे.

ही डबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. तिच्यात तंबाखू नसतो आणि काही जळतही नाही. निदान जळू नये अशी अपेक्षा असते. हॉन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. तो स्वतः अट्टल धूम्रपानी होता हे सांगायला हवे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटीन व वास मिसळलेले असतात. हा द्रव कापसाच्या वातीतून तारेच्या वेटोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की वेटोळे तापते आणि द्रवाची वाफ होते. बंदी असूनही ज्या विजेच्या शेगडीवर आपल्या वसतिगृहात रात्री अंडी उकडली जातात, तिच्या स्प्रिंगचेच हे धाकटे भावंड.

वेटोळ्यात किती उष्णता निर्माण होईल हे दोन गोष्टींवर ठरते : विजेचा दाब आणि तारेचा रोध. दाबाचा वर्ग करा, त्याला रोधाने भागा, की वॅट मिळाले. सुरुवातीच्या साध्या उपकरणांत बॅटरी सरळ तारेला जोडलेली असे. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते आणि उतरत आली की ३.४ च्या आसपास येते. तारेचा रोध दीड ओहम धरला तर सकाळी ११.८ वॅट मिळतात आणि संध्याकाळी ७.७! दाब उतरला एक-पंचमांश, पण उष्णता घटली एक-तृतीयांशाहून किंचित जास्त. वर्गाचा हा महिमा. सकाळचा झुरका कडक आणि संध्याकाळचा मिळमिळीत, अशी ओढणाऱ्यांची तक्रार असे ती याचमुळे.

मग व्होल्ट कमीजास्त करण्याची सोय आली. पण वेटोळे बदलले की रोध बदलतो आणि सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. म्हणून पुढची पायरी अशी, की माणसाने फक्त वॅट सांगावेत आणि बाकीची आकडेमोड यंत्राने करावी. डबीतील चिप आधी तारेचा रोध मोजते. तुम्ही १५ वॅट मागितले आणि रोध दीड ओहम निघाला, तर पंधरा गुणिले दीड, त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.७ व्होल्ट हवेत. पण बॅटरीजवळ तर फार तर ४.२ च आहेत! उरलेला अर्धा व्होल्ट आणायचा कुठून?

हे मला आमच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी दोन चहांच्या मोबदल्यात समजावून दिले. तारेच्या एका गुंडाळीत प्रवाह सोडायचा, तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठू द्यायची आणि मग प्रवाह एकदम तोडायचा. गुंडाळीला प्रवाह तुटलेला खपत नाही. ती साठवलेली ऊर्जा बॅटरीच्या दाबावर आपला दाब चढवून पुढे ढकलते. असे सेकंदाला लाखो वेळा चालते. “जुन्या ट्यूबलाइटचा चोक दिवा पेटवताना झटका द्यायचा ना, त्याच जातीची ही करामत,” काका म्हणाले. उलट रोध अर्धा ओहम असेल तर २.७ व्होल्टच पुरतात. मग चिप दाब वाढवण्याऐवजी उतरवते. बॅटरी भरलेली असो की अर्धी, पंधरा म्हटले की पंधरा. यंत्र म्हणून ही गोष्ट मला आवडली, हे कबूल करतो.

परंतु यंत्र प्रामाणिक आहे ते कशाबाबत? फक्त वॅटबाबत. वॅट म्हणजे तापमान नव्हे. सारख्याच आचेवर लहान कढले ठेवा आणि मोठी कढई ठेवा; कढल्यातले तेल केव्हाच धुरावते. तसेच १५ वॅट बारीक तारेच्या लहान वेटोळ्यात गेले तर एक, आणि जाड तारेच्या मोठ्या वेटोळ्यात गेले तर दुसरेच. शिवाय ओल असेपर्यंत सारे ठीक असते. भातात पाणी आहे तोवर पातेल्याचा तळ शाबूत राहतो. पाणी आटले की तीच आच भात करपवते. वातीत द्रव पोचायला उशीर झाला की तार भलतीच तापते आणि ग्लायकॉल-ग्लिसरीनचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. भात करपत असताना पडद्यावरचा आकडा मात्र पंधराच! निकेलसारख्या धातूचा रोध तापल्यावर वाढतो, त्यावरून तापमान ओळखून आच कमी करणारी उपकरणेही पुढे निघाली. पण माझ्या सोबत्याची डबी त्यांतली नाही.

अमेरिकेतील पोर्टलंडच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळवले, की ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइडयुक्त संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टवर आढळली. टीकाकार म्हणाले, त्या वेटोळ्याला ५ व्होल्ट दिले तर चव इतकी करपट होते, की माणूस तो झुरका घेणारच नाही. वाद पुष्कळ रंगला. मला त्यातून एवढेच दिसते, की तेच यंत्र आणि तोच द्रव बटणाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या वस्तू होतात.

आता माझ्या सोबत्याची कथा. दिवाळीनंतर त्याचा द्रव मिलिलिटरमागे १२ मिलिग्रॅम निकोटीनचा होता. संक्रांतीला तो ६ वर आला, परीक्षेच्या सुमारास ३ वर. दर वेळी तो मला बाटलीवरचे लेबल दाखवी आणि मी त्याचे अभिनंदन करी. पण पडद्यावरचा आकडा याच काळात १५ वरून ३०, आणि ३० वरून ६० झाला होता. टाकी मोठी आली, वेटोळे मोठे आले. खोलीत वाफेचे असे ढग, की शेजारचे विचारू लागले, आज कसली पूजा आहे? आणि पूर्वी जी बाटली पंधरवडाभर पुरे ती आता चार दिवसांत रिकामी होऊ लागली.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवतात, की खर्च म्हणजे दर गुणिले नग. दर कमी झाला म्हणून खर्च कमी झाला असे नव्हे. लेबलवरचे मिलिग्रॅम हा दर आहे. नग किती, ते वॅट आणि झुरके ठरवतात, आणि तो आकडा कोठेच छापलेला नसतो.

ही चूक एकट्या माझ्या मित्राची नाही. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींचा इतिहास हाच. फिल्टरला बारीक छिद्रे पाडलेली असत. प्रयोगशाळेतील यंत्र ओढी तेव्हा त्यांतून हवा शिरून आकडा कमी येई. माणूस मात्र नकळत बोटांनी छिद्रे झाकी आणि खोल झुरका घेई. अमेरिकेत तो शब्द पाकिटावर छापण्यास २०१० पासून बंदी आली. लंडनमध्ये २० सरावलेल्या वापरकर्त्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निकोटीन १८ ऐवजी ६ मिलिग्रॅमचे दिले तर लोकांनी झुरके वाढवले व लांबवले, आणि फॉर्माल्डिहाइडशी त्यांचा संबंधही वाढला. वॅट बदलण्याची मोकळीक दिली तरी ही भरपाई थांबली नाही. बैरुत येथील प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवले, की विजेचा दाब, झुरक्याची लांबी आणि द्रवातले प्रमाण बदलले की १५ झुरक्यांतून निघणारे निकोटीन पन्नास पटींहून अधिक कमीजास्त होते. पन्नास पट! आणि तरीही युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, टाकी २ मिलिलिटरची ठरवली, पण वॅटवर मर्यादा घातली नाही. बाटली मोजली, आच मोजली नाही.

सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून माझा सोबती बराच सुटला आहे, हे मी नाकारत नाही. तो पूर्वीसारखा रात्री खोकत नाही. पण निकोटीनची गुलामी सुटली, असे जे तो समजतो, ते खरे नाही.

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाअखेर कायदा झाला. या वस्तूंचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सारे गुन्हा ठरले. विडी-सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर राजरोस मिळते, हा विनोद कायद्याने आपल्या बाजूने केला आहेच. बंदीचा एक परिणाम असा, की डब्या येतात त्या चोरवाटेने, आणि त्यांच्या पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे तपासणारे कोणी नाही. दुसरा परिणाम मला अधिक जाचतो : ज्यांनी बोलायचे ते बोलतच नाहीत. मागे आमच्याकडे व्यसनमुक्तीवर एक व्याख्यान झाले. वक्त्यांनी पाऊण तास तरुण पिढीच्या अधःपाताबद्दल सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलांना ओहम, वॅट आणि वेटोळ्यांचे प्रकार तोंडपाठ होते; वक्त्यांना त्या डबीत काय असते तेही ठाऊक नव्हते. अशा सभेत मुले हसणार नाहीत तर काय करतील? प्राध्यापकवर्गाने राग मानू नये, पण ‘वाईट आहे’ या दोन शब्दांनी काम भागत नाही. फळ्यावर गुणाकार मांडावा लागतो.

तो मी मांडला. फळा नव्हता, म्हणून चाचणी परीक्षेच्या पेपराच्या पाठीमागे मांडला. दिवाळीनंतर : रोज २ मिलिलिटर, १२ मिलिग्रॅमचे, चोवीस. आता : रोज ९ मिलिलिटर, ३ मिलिग्रॅमचे, सत्तावीस. सोबत्याने कागद दोनदा पाहिला. “गुणाकार चुकला असेल,” तो म्हणाला. मी पेन त्याच्या हातात दिले. त्याने स्वतः करून पाहिला, मग पडद्यावरचा आकडा ६० वरून ४० केला, थोडा विचार केला आणि डबी टेबलावर उपडी ठेवली. त्या रात्री आम्ही जेवायला गेलो तेव्हा ती खोलीतच होती. परतल्यावर त्याने सर्वांत आधी तीच उचलली.